सिंहली गायक सुनील शांत

श्रीलंकेंतील जा-एल गांवाजवळ १४ एप्रिल १९१५ रोजीं एका रोमन कॅथॉलिक कुटुंबांत जोसेफ जॉन नांवाचा मुलगा जन्मला. आईबापांचें छत्र अगदीं बालपणींच नाहींसें झाल्यामुळें त्याचा सांभाळ आजीनें केला. हाच मुलगा पुढें सुनील शांत ह्या नांवानें सर्व लंकेस परिचित झाला.

शिक्षण संपल्यावर गॉल शहरीं त्यांनीं शाळामास्तरकी पत्करली. परंतु गाण्याचें वेड त्यांस स्वस्थ बसूं देईना. १९३९ सालीं नोकरीवर पाणी सोडून ते प्रथम शांतिनिकेतनास व तेथून लखनौच्या मॉरिस कॉलेजांत गेले. पंडित भातखंडे ह्यांच्या खटपटीनें १९२६ सालीं निघालेल्या ह्या विद्यालयाचे प्राचार्य त्या वेळीं मुंबईचे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे होते. पोरक्या तरुणानें परमुलखांत राहून १९४४ सालीं गायन व सतार ह्या दोहोंतही विशारद पदवी मिळविली.

त्या काळीं लंकेंत हिंदी चालींवर सिंहली शब्द बसवून गाणीं रचण्याचा प्रघात फार होता. लखनौचा विशारद मनांत आणता तर असलीं गाणीं हवीं तितकीं रचूं शकता! परंतु मुनिदास कुमारतुंग ह्या भाषापंडिताच्या स्वभाषाभिमानी चळवळीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला होता. सिंहली गीताची चाल सिंहली भाषेच्या वळणांतूनच निघाली पाहिजे, असें त्यांचें मत झालें. 'ओलु पिपीला' हें त्यांचें कमळफुलांचें गीत १९४६ सालीं सिलोनच्या रेडिओनें ध्वनिमुद्रित केलें. साधी चाल, स्पष्ट शब्दोच्चार, बेताची साथ! लोकांनीं तें गीत डोक्यावर घेतलें. गाणीं पुस्तकरूपानें छापून तीं घरोघरीं नेण्याचा उद्योगही त्यांनीं केला, आणि ह्यांत मला त्यांच्यांतला जुना शाळामास्तर दिसतो.

१९५२ सालीं रेडिओ सिलोननें आपल्या गायकांची परीक्षा घेऊन श्रेणी ठरविण्याकरितां खुद्द रातंजनकरांस पाचारण केलें. सुनील शांतांनीं परीक्षेस बसण्याचें साफ नाकारलें. प्राचार्यांच्या विद्वत्तेविषयीं येथें प्रश्न नव्हता. ज्यांच्या विद्यालयाची पदवी आपण मिरवितों, त्यांस शिष्यानें नकार देणें सुखाचें नसणार. परंतु उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या मापानें सिंहली गीत मोजूं नये, हा त्यांचा आग्रह होता. कोणी ह्यास हट्ट म्हणेल. रोज मुलांच्या वह्यांवर गुण मांडणारा मी मात्र तसें म्हणावयास धजत नाहीं.

ह्या नकारामुळें रेडिओचीं दारें त्यांस बंद झालीं व संसार ओढगस्तीस लागला. रेडिओयंत्रें दुरुस्त करण्याचें दुकानही त्यांनीं चालविलें. स्वतःचा आवाज ज्या यंत्रांतून येईनासा झाला, तींच यंत्रें बोलतीं करून पोट भरावयाचें! ह्या वनवासांतही लेस्टर जेम्स पीरिस ह्यांच्या १९५६ मधील 'रेखाव' व १९६० मधील 'संदेशय' ह्या चित्रपटांस त्यांचें संगीत लाभलें. 'संदेशय'मधील पोर्तुगीजांविषयींचें गाणें तर लोकांच्या तोंडीं बसलें.

सुमारें पंधरा वर्षांनीं रेडिओनें त्यांस सन्मानानें परत बोलाविलें. ११ एप्रिल १९८१ रोजीं, सहासष्टावा वाढदिवस अवघ्या तीन दिवसांवर असतां, त्यांचें देहावसान झालें.