रॉबर्ट मिचम
रॉबर्ट मिचम (६ ऑगस्ट १९१७ – १ जुलै १९९७) हे अमेरिकी चित्रपट अभिनेते होते. त्यांचा जन्म कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे झाला. बालपणीच त्यांचे वडील रेल्वे यार्डातील अपघातात मरण पावले. महामंदीच्या काळात मालगाड्यांतून भटकत, मिळेल ते काम करीत ते वाढले. ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ (१९४५) या चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे एकमेव नामांकन मिळाले. १९४८ मध्ये गांजाप्रकरणी अटक होऊन त्यांना कारावास भोगावा लागला. तथापि त्यांची लोकप्रियता ओसरली नाही.

‘थंडर रोड’ (१९५८) या चित्रपटाची मूळ कथा, निर्मिती व नायकाची भूमिका त्यांचीच होती. कोरियन युद्धातून परतलेला ल्यूक डूलिन डोंगरातील हातभट्टीची दारू मोटारीने शहरात पोहोचवतो. सरकारी अधिकारी त्याच्या मागावर असतात आणि एक गुंड हा धंदा बळकावू पाहतो. धाकट्या भावाने या मार्गाला लागू नये, ही ल्यूकची धडपड असते. गुंडाने भावालाच जाळ्यात ओढल्यावर सूड घेण्यास निघालेला ल्यूक वाटेतच मोटार उलटून मरतो. भावाची भूमिका मिचम यांचे पुत्र जेम्स यांनी केली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा चित्रपट पुढेही अनेक वर्षे दाखवला जात असे. मिचम यांचे निधन कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झाले.