थॉमस जॉन न्यूबोल्ड

थॉमस जॉन न्यूबोल्ड (८ फेब्रुवारी, इ.स. १८०७ – २९ मे, इ.स. १८५०) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, प्रवासी व भूवैज्ञानिक होते. काळ्या जमिनीत आणि नदीकाठच्या गाळात सापडणारे चुनखडीचे खडे, म्हणजेच कंकर, कसे तयार होतात याची मीमांसा करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन

न्यूबोल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील मॅकल्सफील्ड येथे झाला. १८२८ मध्ये ते मद्रास सैन्यात दाखल झाले आणि तीन वर्षांतच हिंदुस्थानी व फारसी भाषांच्या परीक्षा उत्तीर्ण झाले. मलाक्का परिसरावरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४२ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे त्यांची नेमणूक कर्नूल येथे झाली व १८४८ पासून ते हैदराबादच्या रेसिडेंटचे साहाय्यक होते. आजचे नांदेड व लातूर जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत. नोकरी राजकीय, ओढ मात्र खडकांची, असे त्यांचे आयुष्य होते. महाबळेश्वर येथे वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कंकराची मीमांसा

कंकरात कॅल्शियम कार्बोनेट हा प्रमुख घटक असतो. जेथे चुनखडकाचा मागमूसही नाही, तेथील खडकांच्या भेगांतही कंकर आढळतो, याकडे न्यूबोल्ड यांनी लक्ष वेधले. कार्बनी वायूने युक्त, बहुधा उष्ण असे झरे भूगर्भातून चुना वर आणतात आणि पाणी निवताच तो साचतो, असे अनुमान त्यांनी काढले. काळी माती बेसाल्ट झिजून बनली, हे मतही त्यांना मान्य नव्हते. ती पाण्याखाली साचलेला गाळ आहे, असे ते मानत.

मराठवाड्यापुरते पाहता ही अनुमाने टिकली नाहीत. बेसाल्टमधील फेल्डस्पार व पायरोक्सीन ही खनिजे झिजताना कॅल्शियम सुटते. मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळतो आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने खाली झिरपते. उन्हाळ्यात पाणी आटते, वायू निसटतो आणि चुना कणाकणाने साचत जातो. पाऊस बेताचा असल्याने तो पुरता धुऊन जात नाही. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांत पुराने वाहून आणलेले खडेही गाळात मिसळतात. भूजलातील चुना वाळू-गोट्यांना सांधून त्यांचा कठीण थर बनवतो. चुना पाण्यातूनच साचतो हे न्यूबोल्ड यांचे म्हणणे बरोबर होते. त्याचा उगम मात्र त्यांनी फार खोल शोधला.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह व स्फुरद पिकांना पुरेसे मिळत नाही; कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हाच कंकर भाजून पूर्वी बांधकामाचा चुना तयार करीत.

इतर कार्य

कर्नूलजवळील बिल्लासुरगम गुहांचे आणि बळ्ळारी भागातील राखेच्या प्राचीन ढिगाऱ्यांचे वर्णनही न्यूबोल्ड यांनी केले. त्या गुहांचा पुढील शोध १८८० च्या दशकात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी घेतला.