विश्लेषण : कराटेत पहिला वार का करायचा नाही? काय सांगते गिचिन फुनाकोशी यांचे आयुष्य?

मूल कराटेच्या क्लासला जायला लागले की घरात आधी चर्चा होते पट्ट्याच्या रंगाची आणि मग पदकांची. मात्र ज्या शिक्षकाने ओकिनावा बेटावरचे कराटे टोकियोपर्यंत नेले आणि रुजवले, त्या गिचिन फुनाकोशी यांना कराटेच्या स्पर्धा मान्य नव्हत्या. कराटेत पहिला वार नसतो, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर शिकवले. वयाच्या ऐंशीच्या घरात एका रात्री मात्र आपल्याच हातून हे तत्त्व मोडले गेले, असे त्यांना वाटले आणि त्याची खंत त्यांनी लिहून ठेवली. नेमके काय घडले होते?

कोण होते गिचिन फुनाकोशी?

फुनाकोशी यांचा जन्म १८६८ मध्ये ओकिनावातील शुरी येथे झाला. मुदतीआधी जन्मलेले हे मूल फार जगणार नाही, असेच घरच्यांना वाटत होते. आईच्या माहेरी, आजी-आजोबांकडे ते वाढले. पुढे टोकियोतील वैद्यकीय शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी १८७० किंवा त्यानंतरचा जन्म आवश्यक होता, म्हणून त्यांनी नोंदीत जन्मवर्ष बदलून १८७० केले. तरीही डॉक्टर होणे जमले नाही, आणि त्याला कारण ठरली डोक्यावरची शेंडी! नव्या मेइजी राजवटीने केसांची पारंपरिक गाठ कापण्याचा आग्रह धरला होता. फुनाकोशी यांचे घराणे जुन्या वळणाचे, त्यांना ते पटेना. अखेर १८८८ मध्ये सहायक शिक्षकाची नोकरी मिळाल्यावर त्यांनी गाठ कापली. त्यावरून आई-वडिलांचा मोठा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्यानंतर ३० वर्षांहून अधिक काळ त्यांनी शाळेत शिकवले.

कराटे रात्री का शिकावे लागे?

शाळेतील एका वर्गमित्राचे वडील अंको आझातो हे कराटेतील मोठे नाव. त्या काळी ओकिनावात कराटे उघडपणे शिकवले जात नसे. त्यामुळे फुनाकोशी रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी जात आणि अंगणात सराव करत. शिकवण्याची पद्धत आजच्या विद्यार्थ्याला कंटाळवाणी वाटेल अशीच होती. ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचालींची मालिका. एकच काता महिनोन् महिने करायचा आणि गुरूचे समाधान होईपर्यंत पुढचा मिळायचा नाही. ‘तेक्की’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या तीन कातांवर त्यांनी जवळपास १० वर्षे घालवली. आझातोंबरोबरच अंको इतोसु हेही त्यांचे गुरू होते.

या सरावाने पहिला फायदा झाला तो तब्येतीला. अशक्त मुलाचे शरीर काही वर्षांत काटक झाले. काताला ना साहित्य लागते, ना जोडीदार, ना मोठे मैदान. त्यामुळे शाळेची नोकरी, तुटपुंजा पगार आणि मोठे कुटुंब सांभाळूनही त्यांचा सराव सुटला नाही. त्यांच्या पत्नी कापड विणून संसाराला हातभार लावत. त्या स्वतःही काता करत आणि शेजारच्यांची भांडणे समजुतीने मिटवण्यात त्यांचा हातखंडा होता.

मिठाई देऊन वाट का सोडली?

ओकिनावात असतानाचा एक प्रसंग. सासुरवाडीच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी गोड पदार्थ घेऊन फुनाकोशी निघाले होते. पाइनच्या झाडीत तोंडाला फडकी बांधलेल्या दोघांनी त्यांना अडवले. एकाच्या हातात काठी होती. फुनाकोशी यांच्याकडे ना पैसे होते, ना तंबाखू. अखेर त्यांनी हातातली मिठाईच त्यांना देऊन टाकली आणि पुढची वाट धरली. कराटे येत असूनही हात उचलला नाही, याबद्दल दोन्ही गुरूंनी त्यांची पाठ थोपटली. आता देव्हाऱ्यात काय ठेवलेस, असे आझातोंनी विचारले तेव्हा मनापासून केलेली प्रार्थना ठेवली, असे उत्तर त्यांनी दिले. शिष्य किती मारू शकतो यापेक्षा कुठे थांबू शकतो, हे पाहणारे हे शिक्षण होते.

कराटे टोकियोत कसे पोहोचले?

१९२१ मध्ये जपानचे युवराज हिरोहितो ओकिनावात आले तेव्हा शुरीच्या किल्ल्यात कराटेचे प्रात्यक्षिक झाले. त्याचे नेतृत्व फुनाकोशी यांच्याकडे होते. पुढच्याच वर्षी शिक्षण खात्याने टोकियोत भरवलेल्या क्रीडा प्रदर्शनासाठी ते राजधानीत गेले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोडोकान संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावले. चित्रकार होआन कोसुगी यांनीही शिकवण्यासाठी थांबण्याचा आग्रह केला. काही दिवसांसाठी गेलेले फुनाकोशी मग तिथेच राहिले.

तेव्हा त्यांचे वय होते ५३. हातात पैसा नव्हता. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. त्या बदल्यात ते आवार झाडत, बागेची निगा राखत आणि सभागृह रिकामे असेल तेव्हा तिथे कराटे शिकवत. अडचणीच्या दिवसांत त्यांनी जुनी टोपी आणि हातमागाचे कापड गहाण ठेवायला नेले. तिथल्या कारकुनाचा भाऊ त्यांच्याकडे शिकत होता, म्हणून अपेक्षेपेक्षा जास्त पैसे मिळाले. १९२२ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले. पण १९२३ च्या भूकंपात त्याचे छपाईचे साचे नष्ट झाले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी त्यांनी ज्युदोच्या धर्तीवर पहिल्या ‘दान’ पदव्या दिल्या. आजच्या ब्लॅक बेल्टच्या श्रेणी तिथून आल्या.

नाव का बदलले?

कराटेतील ‘ते’ म्हणजे हात. ‘कारा’ हा शब्द मात्र आधी चीनसाठी वापरल्या जाणाऱ्या चिन्हाने लिहिला जाई. त्याच उच्चाराचे दुसरे चिन्ह आहे, त्याचा अर्थ रिकामा. फुनाकोशी यांनी हे दुसरे चिन्ह आग्रहाने पुढे आणले. रिकामा हात म्हणजे शस्त्र नसलेला हात आणि सोबतच स्वार्थ व अहंकार यांपासून रिकामे मन, असा दुहेरी अर्थ त्यांना अभिप्रेत होता. शेवटी ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द जोडला गेला. जपानमधील तेव्हाच्या राष्ट्रवादी वातावरणात चीनची खूण पुसली जाणे सोयीचेही होते. ओकिनावातून यावर नाराजी उमटली. पण १९३६ मध्ये नाहा येथील गुरूंच्या बैठकीत नवे नाव स्वीकारले गेले.

त्यांची २० सूत्रे याच दशकात प्रसिद्ध झाली. सराव नमस्काराने सुरू होतो आणि नमस्कारानेच संपतो, आधी स्वतःला ओळखावे, कराटे फक्त सरावाच्या जागेपुरते नसते, सराव आयुष्यभराचा असतो, असा त्यांचा आशय आहे.

युद्धाने काय हिरावले?

शिष्यांनी वर्गणी काढून टोकियोत सरावासाठी इमारत उभारली आणि तिला ‘शोतोकान’ हे नाव दिले. ‘शोतो’ हे फुनाकोशी यांचे कवितेसाठीचे टोपणनाव. पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची लाट असा त्याचा अर्थ. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात ही वास्तू जळाली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा आणि कराटेतील वारसदार गिगो यांचा क्षयाने मृत्यू झाला. ओकिनावा युद्धात बेचिराख झाले. २० वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिलेल्या पत्नीची आणि त्यांची क्यूशू बेटावर भेट झाली. १९४७ मध्ये त्याही गेल्या आणि फुनाकोशी टोकियोला परतले.

त्या रात्री काय घडले?

युद्धानंतरचा काळ भूक आणि बेकारीचा होता. एका पावसाळी रात्री ट्रामच्या थांब्यावरून घरी जाताना एक तरुण त्यांच्या अंगावर धावून आला. म्हाताऱ्याला लुटणे सोपे, असा त्याचा हिशेब असावा. फुनाकोशी खाली वाकले आणि त्यांनी त्याचा नाजूक भाग घट्ट पकडला. तेवढ्यात आलेल्या पोलिसाच्या हाती त्यांनी त्याला दिले. स्वसंरक्षण म्हणून कुणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांना मात्र लाज वाटली. हा बहुधा युद्धावरून परतलेला, काम नसलेला तरुण असावा, हा विचार त्यांना छळत राहिला. हा विजय त्यांनी कधीच मिरवला नाही.

आज त्यांचा वारसा कुठे आहे?

१९४९ मध्ये शिष्यांनी स्थापन केलेल्या जपान कराटे असोसिएशनचे ते मानद प्रमुख होते. २६ एप्रिल १९५७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघटनेने पहिली अखिल जपान कराटे स्पर्धा घेतली. कराटे टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले, पॅरिसच्या वेळी वगळले गेले. स्पर्धेमुळे ही कला जगभर पसरली, हे खरेच. पण गुण मिळवायचे तर कुणीतरी आधी वार करावाच लागतो, आणि फुनाकोशी यांचा आक्षेप नेमका तिथेच होता.

कामाकुरा येथील एंगाकु-जी मंदिराच्या आवारात १९६८ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर कोरले आहे ते पहिला वार न करण्याचे सूत्र. आपल्याकडेही अनेक क्लासच्या पाटीवर शोतोकान हे नाव दिसते. त्या क्लासमध्ये मूल किती पट्टे मिळवते हे पालकांना लगेच कळते. शाळेच्या मैदानावर कुणी डिवचले तर ते काय करते, हेही विचारून पाहायला हवे. फुनाकोशी यांच्या लेखी परीक्षा तीच होती.