मिशनरी ते कुलगुरू : डॉ. जॉन विल्सन

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख आहे. शाळेतील मुलांना तेथे नेले की कोणीतरी हमखास विचारतो, सर, येथे काय लिहिले आहे? अक्षर कोरलेले असले तरी ते वाचणारा लागतो. वाचणारा नसेल तर लेख असूनही दगड तो दगडच राहतो.

सम्राट अशोकाच्या धम्मलिपीची हजाराहून अधिक वर्षे हीच गत झाली होती. तथागतांच्या धम्माचा संदेश या भूमीतील खडकांवर कोरलेला होता; पण तो कोणाचा व कशाबद्दल आहे, हे सांगणारा एकही माणूस या देशात उरला नव्हता. ज्यांनी बौद्ध धम्म येथून हद्दपार केला त्यांना तो संदेश वाचण्याची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांना अक्षरओळखीचीच बंदी होती. ही धम्मलिपी पुन्हा बोलती करण्याच्या कामी ज्यांचे हात लागले, त्यांत एक ख्रिस्ती मिशनरी होता. त्याचे नाव डॉ. जॉन विल्सन. मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन कॉलेज आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे; पण ज्याच्या नावाने ते उभे आहे त्याचे चरित्र आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. धर्मांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घेण्यासारखे आहे.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या लहानशा गावी झाला. घरचा व्यवसाय शेतीचा. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले, आणि १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस आले. मुंबईस येताच त्यांनी प्रवचने सुरू केली नाहीत. ते आधी कोकणात बाणकोट-हर्णै भागात गेले आणि तेथे राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. पुढे त्यांनी मराठीवर इतके प्रभुत्व मिळविले की १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तीत मराठी भाषेवरील टिपण विल्सन यांनी लिहिले. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि पारशांचे धर्मग्रंथही अभ्यासले. ज्या धर्मावर टीका करावयाची त्याचे ग्रंथ आधी वाचावेत, हा त्यांचा नियम होता.

मुंबईत येऊन पहिले पाऊल टाकले ते शिक्षणाचे. मार्गारेटबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या. मुलीच्या हाती पाटी दिली तर घर बुडेल असे मानणारा तो काळ होता. १८३५ साली मार्गारेटबाई मुंबईतच वारल्या. परंतु त्यांनी सुरू केलेले काम थांबले नाही. विल्सन यांनी मार्च १८३२ मध्ये गिरगावात आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा सुरू केली. तीच शाळा वाढत वाढत पुढे महाविद्यालय झाली. त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्याच्या शाळेत महात्मा जोतीराव फुले शिकले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. परंतु ज्या देशात शूद्रातिशूद्रांनी विद्या घेणे पाप मानले गेले, तेथे कोणत्या का हेतूने होईना, विद्येचे दार किलकिले झाले, ही गोष्ट लहान नव्हती.

विल्सन यांचा बाणा वादविवादाचा होता. १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकर यांनी हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. विल्सन यांनी त्यास १८३२ मध्ये पुस्तकानेच उत्तर दिले, आणि साताऱ्याच्या नारायणराव यांनी प्रतिवाद केल्यावर १८३४ मध्ये दुसरे पुस्तक लिहिले. पुराणांतील देवांच्या कथा, अवतारांचे चरित्र, ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व यांची त्यांनी उघड चिकित्सा केली.

परंतु वाद जिंकणे निराळे आणि माणसे बदलणे निराळे. १८३९ साली धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे त्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. मुंबईत एकच हलकल्लोळ उडाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. धनजीभाई स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याइतके जाणते आहेत, असे कोर्टाने ठरविले आणि ते मिशनकडेच राहिले. पण त्याचा परिणाम असा झाला की पालकांनी धडाधड मुले काढून घेतली व शाळा ओस पडावयाची वेळ आली.

१८४३ साली विल्सन रजेवर मायदेशी गेलेले असताना दुसरे प्रकरण घडले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी नेस्बिट यांच्याकडे जाऊन राहिला होता. तो अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मग प्रश्न आला, मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावयाचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे अशी बाजू घेतली, तर कर्मठांनी जांभेकरांनाच छळले. ज्या समाजात एका कोवळ्या मुलाने घेतलेल्या अन्नाच्या घासावरून एवढे रण माजते, त्या समाजात धर्म म्हणजे नीती नसून केवळ पंगत आहे, हे यावरून कोणासही कळेल.

त्याच १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन व त्यांचे सहकारी बाहेर पडलेल्या फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे हातची इमारत आणि साहित्य सोडावे लागले. तत्त्वासाठी सर्व सोडून संस्थेची मांडणी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केली.

आता धम्मलिपीकडे वळू. मार्च १८३५ मध्ये विल्सन सौराष्ट्रात गिरनारला गेले व तेथील प्रचंड खडकावरील लेख त्यांनी पाहिला. त्यापूर्वी १८२२ साली कर्नल टॉड यांनीही तो खडक पाहिला होता. परंतु विल्सन पाहून थांबले नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून कॅप्टन लँग यांनी कापडावर त्या लेखाचा ठसा घेतला, आणि तो कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेला. प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली व १८३८ मध्ये गिरनारचा लेख वाचला. देवानांपिय पियदसी म्हणजेच सम्राट अशोक, हे याच सुमारास जगापुढे आले. पुढे १८४८ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या पाहणीसाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष विल्सनच होते. या लेण्यांवरील त्यांचा अहवाल १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. लोक ज्यांना पांडवलेणी म्हणून दिवा लावीत होते, ते आपल्या भिक्खूंचे विहार होते, ही नोंद कागदावर पक्की करण्यात त्यांचा वाटा आहे.

येथे इतिहासाचा एक चमत्कारिक योग दिसतो. गिरनारच्या त्या खडकावर अशोकाचा बारावा लेखही आहे. आपल्याच पंथाची वाहवा आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा अकारण करू नये, सर्वांनी परस्परांचा धम्म ऐकावा, असा त्याचा आशय आहे. ज्यांनी आयुष्यभर परधर्माचे खंडन केले, त्यांच्याच खटपटीने हा उपदेश पुन्हा उजेडात आला!

विल्सन यांची कीर्ती पुढे वाढतच गेली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून ते त्याच्या कारभारात होते, आणि १८६८ मध्ये ते कुलगुरू झाले. १८७० साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना आपल्या महासभेचे अध्यक्षपद दिले. मात्र हेही सांगितले पाहिजे की १८५७ च्या उठावात पकडलेली गुप्त पत्रे उलगडण्यासाठी सरकारने त्यांच्या भाषाज्ञानाचा उपयोग करून घेतला होता. राज्यकर्त्यांचा आधार त्यांना होता व त्यांचा आधार राज्यकर्त्यांना होता. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर १८७७ मध्ये दोन खंडांत निघाला.

सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ या देशासाठी वेचून विल्सन यांच्या पदरात धर्मांतरित किती पडले? मोजकेच. याचे कारण काय? वरच्या जातींतील बुद्धिमान तरुण आधी वळवावेत, म्हणजे ज्ञान वरून खाली झिरपेल, अशी त्या काळच्या मिशनऱ्यांची धारणा होती. ते झिरपले नाही. जातीचा उतार असा आहे की त्यावरून तुच्छता तेवढी खाली येते, ज्ञान वरच अडते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनच्या कार्याची चिकित्सा करताना नेमके यावरच बोट ठेवले आहे. शाळा-दवाखान्यांचा लाभ वरच्या वर्गांनी घेतला व धर्म मात्र घेतला नाही. ज्या अस्पृश्यांनी धर्म घेतला त्यांच्या वाट्याला लाभ थोडा आला आणि जात चर्चमध्येही त्यांच्या मागोमाग गेली. याला अपवाद दाखवावयाचा तर नारायण शेषाद्री यांचा. जन्माने ब्राह्मण असलेला हा माणूस जालन्याकडे गेला, महार-मांगांमध्ये राहिला आणि त्यांच्यासाठी बेथेल नावाचे गाव त्याने वसविले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले ते याच्या नेमके उलट होते. तेथे एकेकटा तरुण कोर्टाच्या दारी उभा नव्हता. तेथे तळचा समाज लाखोंनी, आपल्याच नेत्यासह, आपल्याच भूमीत जन्मलेल्या धम्माकडे परतला. कोणी त्यांना वळविले नाही, ते स्वतः वळले. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे बाबासाहेबांनी अभ्यास केला व मगच पाऊल टाकले.

पण वाचकहो, आपण एवढ्यावरच समाधान मानावे काय? परमुलखातून आलेला एक माणूस आमची भाषा शिकला, आमच्या भूमीतील लेणी त्याने पाहिली, धम्मलिपीचा ठसा घ्यावयास लावला. आणि आपण? आपल्या घरात तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आहे, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ किती घरांत सलग वाचला गेला आहे? वर्षावासात आपल्या विहारात किती मुली पुढे बसून वाचन करतात? लग्न जुळविताना जुनी पोटजात अजून विचारली जाते की नाही? हे प्रश्न दुसऱ्या कोणी आपल्याला विचारण्याआधी आपणच विचारलेले बरे.

विल्सन यांचा धर्म आपला नव्हता, त्यांचा मार्गही आपला नव्हता. परंतु आधी शिका, मग बोला आणि बोलाल त्यासाठी शाळा उभी करा, ही त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. दगडावरचा धम्म वाचून देण्यास एकदा परका माणूस यावा लागला. ग्रंथातला धम्म वाचून देण्यास पुन्हा कोणा परक्याची वाट पाहण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊ नये, ही जबाबदारी तुमची-आमची आहे.

जय भीम!