सर्वांची एक शाळा

७ एप्रिलला आपण ज्यांचे स्मरण करतो, ते संत जॉन बॅप्टिस्ट दी ला साल १६५१ साली फ्रान्समधील रीम्स शहरी सधन घरात जन्मले. तेव्हा वाचन आधी लॅटिनमधून शिकवीत. गरिबाचे पोर त्यातून पुढे जाण्याआधीच कामाला जुंपले जाई. जॉन यांनी शिक्षकांना स्वतःच्या घरी आणले, बंधुसंघ उभारला, दुष्काळात मालमत्ता वाटली. त्यांच्या मोफत शाळांत वाचन फ्रेंचमधून सुरू झाले. मात्र तिथे गरिबीचा दाखला मागत नसत. सावकाराचा आणि मजुराचा मुलगा एकाच वर्गात बसे. आम्हांला त्यांचे हेच खरे धाडस वाटते. फी बुडाली म्हणून पॅरिसच्या गुरुजींनी त्यांना कोर्टात खेचले. १७०४ मध्ये निकाल विरोधात गेला, दंड झाला. १७१९ च्या गुड फ्रायडेला ते रूआन येथे प्रभुघरी गेले.