घर हरवलेला दाता : अ‍ॅलेक्स मनूगियन

‘कसबा’ हा शब्द आपल्याला परका नाही. कसबा याच नावाचे एक गाव तुर्कस्तानात, स्मर्ना शहराच्या पूर्वेला होते. आज त्याला तुर्गुतलू म्हणतात. या गावी 1901 साली एका आर्मेनियन कुटुंबात अ‍ॅलेक्स मनूगियन यांचा जन्म झाला. ऑटोमन साम्राज्यात 1915 पासून आर्मेनियन लोकांचा जो भीषण संहार झाला, त्या काळात त्यांचे किशोरवय गेले. 1920 साली, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी अमेरिकेची वाट धरली. पुढे दोनच वर्षांत, सप्टेंबर 1922 मध्ये, युद्धाच्या आगीत कसबा जवळजवळ संपूर्ण जळाले आणि त्याच महिन्यात स्मर्नातील आर्मेनियन वस्तीचीही राख झाली. परतायला गावच उरले नाही.

कनेक्टिकटमध्ये काही काळ काम करून 1924 साली ते मोटारींच्या डेट्रॉइट शहरी आले. यंत्रावर स्क्रू आणि बारीक सुटे भाग कातण्याची कला त्यांनी आत्मसात केली. 1929 साली दोन भागीदारांसह त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. मनूगियन, अजेमियन आणि सॉन्डर्स या तिघांच्या आद्याक्षरांना ‘कंपनी’ची अक्षरे जोडून ‘मास्को’ हे नाव तयार झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. थोड्याच अवधीत दोन्ही भागीदार बाहेर पडले. नावात त्यांची अक्षरे राहिली आणि कारखान्याचा भार एकट्या मनूगियन यांच्यावर आला. मंदीत भलेभले बुडत असता मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवीत हा कारखाना तग धरून राहिला. 1936 साली त्याचे शेअर्स डेट्रॉइटच्या बाजारात विक्रीस आले.

खरी भरभराट मात्र मोटारीने नव्हे, नळाने केली. त्या काळी नळाला गरम आणि गार पाण्यासाठी दोन वेगळ्या मुठी असत. एकाच मुठीने दोन्ही पाणी हवे तसे मिसळणारा, आत फिरता गोळा असलेला एक नळ कोणी तरी योजला होता. पण तो नीट चालत नव्हता. मनूगियन यांनी त्याचे हक्क घेतले, रचनेतील दोष काढले आणि 1954 साली तो ‘डेल्टा’ या नावाने बाजारात आणला. स्वयंपाकघरातल्या या साध्या वस्तूने मास्कोला मोठ्या उद्योगांच्या पंक्तीत नेऊन बसविले.

हा पैसा गेला कुठे? 1906 साली कैरो येथे स्थापन झालेल्या ‘आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन’ या संस्थेचे ते 1953 ते 1989, म्हणजे 36 वर्षे, अध्यक्ष होते. जगभर विखुरलेल्या आर्मेनियन मुलांसाठी शाळा चालविणे हे तिचे एक प्रमुख कार्य. डेट्रॉइटजवळ साउथफील्ड येथील शाळा अ‍ॅलेक्स आणि मारी या पतिपत्नींच्या नावाने चालते. मिशिगन विद्यापीठात आधुनिक आर्मेनियन इतिहासाचे अध्यासन त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. साम्यवादी राजवटीतील आर्मेनियाशी संबंध ठेवणे परदेशातील अनेक आर्मेनियनांना रुचत नव्हते, तरीही त्यांनी तो धागा तुटू दिला नाही. एच्मियाद्झिन येथील धर्मपीठाच्या मौल्यवान वस्तूंसाठी त्यांच्या साहाय्याने 1982 मध्ये संग्रहालय उघडले. प्रदेश हातातून गेला, तरी मुलांच्या तोंडी भाषा राहिली तर समाज राहतो, हा विचार या साऱ्या दानांच्या मुळाशी दिसतो. दोन भाषांच्या सीमेवर शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पण त्यांनी केवळ आपल्या लोकांचाच विचार केला असे नाही. डेट्रॉइट नदीच्या काठावर 1928 साली बांधलेला एक प्रशस्त वाडा त्यांनी 1939 मध्ये विकत घेतला होता. 1966 साली तो त्यांनी शहराला देऊन टाकला. तेव्हापासून ‘मनूगियन मॅन्शन’ हे डेट्रॉइटच्या महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे. ज्याचे स्वतःचे गाव जळून गेले, त्याने आश्रय देणाऱ्या शहराच्या प्रथम नागरिकाला घर द्यावे, यापेक्षा ऋण फेडण्याची अधिक बोलकी रीत कोणती असेल?

1991 साली स्वतंत्र झालेला आर्मेनिया पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. 1996 साली डेट्रॉइट येथे त्यांचे निधन झाले. येरेवानमध्ये तेथील राज्य विद्यापीठ ज्या रस्त्यावर उभे आहे, त्या रस्त्याला आज अ‍ॅलेक्स मनूगियन यांचे नाव आहे. रोज शेकडो विद्यार्थी त्या रस्त्याने आपल्या भाषेत बोलत वर्गात जातात. दात्याला याहून मोठे स्मारक ते कोणते?