फेबियन वेअर

सर फेबियन आर्थर गॉल्स्टन वेअर (१७ जून १८६९ – २८ एप्रिल १९४९) हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी, संपादक आणि प्रशासक होते. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील सैनिकांच्या कबरींची नोंद व देखभाल करणाऱ्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (साम्राज्य युद्धकबर आयोग) या संस्थेचे ते संस्थापक होत. ही संस्था १९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखली जाते. मृत सैनिकांच्या स्मरणात हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करू नये, हे तत्त्व वेअर यांनी या कामाच्या पायाशी ठेवले. युरोपात ते बऱ्याच अंशी पाळले गेले. आशिया व आफ्रिकेत मात्र त्याला मोठी भगदाडे पडली.

प्रारंभिक जीवन

वेअर यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन येथे झाला. त्यांचे कुटुंब प्लिमथ ब्रेदरन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचे होते. लंडन व पॅरिस येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी सुमारे दहा वर्षे शाळांत अध्यापन केले. १९०१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल येथे शिक्षण खात्यात रुजू झाले आणि पुढे त्या खात्याचे संचालक झाले. तेथील ब्रिटिश प्रशासक लॉर्ड मिल्नर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. साम्राज्य म्हणजे परस्परांशी बांधलेल्या राष्ट्रांचे कुटुंब, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या पुढील कार्यातील औदार्य आणि मर्यादा या दोन्हींचे मूळ या धारणेत शोधता येते. १९०५ ते १९११ या काळात ते लंडनच्या मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्राचे संपादक होते.

कबरींची नोंद

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा वेअर ४५ वर्षांचे होते. वयामुळे सैन्याने त्यांना नाकारले. मिल्नर यांच्या मदतीने त्यांनी फ्रान्समधील ब्रिटिश रेड क्रॉसच्या एका फिरत्या रुग्णवाहिका पथकाचे नेतृत्व मिळवले. जखमींना हलवण्याचे काम करताना त्यांच्या लक्षात आले, की मृतांना घाईघाईने पुरून वर लाकडी क्रूस रोवला जातो, पण त्या जागेची नोंद कोठेच होत नाही. पाऊस, चिखल आणि पुढचा तोफमारा यांत तो क्रूस किती दिवस टिकणार, हा प्रश्नच होता. पथकाने स्वतःहून कबरींच्या याद्या करण्यास सुरुवात केली. १९१५ मध्ये सैन्याने या कामाला मान्यता देऊन कबर नोंदणी आयोग स्थापन केला आणि वेअर यांना मेजरचा हुद्दा दिला. मे १९१६ पर्यंत सुमारे ५०,००० कबरींची नोंद झाली होती. त्याआधी, डिसेंबर १९१५ मध्ये, फ्रान्सने कायदा करून दोस्त राष्ट्रांच्या दफनभूमींसाठी कायमस्वरूपी जमीन उपलब्ध करून दिली होती.

त्याच सुमारास एक कसोटीचा प्रसंग उद्भवला. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू एप्रिल १९१५ मध्ये युद्धात मारला गेला आणि विशेष परवानगीने त्याचा मृतदेह इंग्लंडला नेण्यात आला. सामान्य सैनिकाच्या आईवडिलांना असे करणे शक्य नव्हते. यानंतर मृतदेह उकरून मायदेशी नेण्यास बंदी घालण्यात आली. वेअर यांचा या बंदीला ठाम पाठिंबा होता.

आयोगाची स्थापना आणि समानतेचा वाद

२१ मे १९१७ रोजी शाही सनदेने आयोग स्थापन झाला. वेअर त्याचे उपाध्यक्ष झाले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांच्याकडून त्यांनी दफनभूमींच्या रचनेविषयी अहवाल मागवला. एडविन लुटियन्स, हर्बर्ट बेकर व रेजिनल्ड ब्लोमफिल्ड या वास्तुविशारदांना काम दिले. आणि लेखनाची जबाबदारी रुडयार्ड किपलिंग यांच्यावर सोपवली. किपलिंग यांचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये लूस येथील लढाईत बेपत्ता झाला होता.

सेनापती असो वा शिपाई, प्रत्येकाला एकाच मापाची शिळा मिळेल, असे ठरले. क्रूसाच्या आकाराऐवजी साधी उभी शिळा निवडण्यात आली. त्यामुळे मृताच्या धर्माचे चिन्ह तिच्यावर कोरता येई. आप्तांना स्वतःचे ६६ अक्षरांपर्यंतचे शब्द कोरून घेण्याची मुभा होती.

हा निर्णय सर्वांना रुचला नाही. मुलाचे शव सरकारने ताब्यात ठेवावे आणि कबरीवर क्रूसही उभारू देऊ नये, ही अनेक घरांना जुलूमशाही वाटली. क्रूसाच्या मागणीसाठी लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी हजारो सह्यांचा अर्ज सादर केला. त्यांचे स्वतःचे तीन मुलगे युद्धात मारले गेले होते. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात यावर भावनाविवश चर्चा झाली आणि अखेर आयोगाची भूमिका कायम राहिली. विरोधकांचे दुःख खरे होते, हे नाकारता येत नाही. मात्र त्यांची मागणी मान्य झाली असती, तर श्रीमंतांची मुले घरी परतली असती आणि गरिबांची तेथेच राहिली असती.

ज्यांचे देह सापडलेच नाहीत, त्यांच्यासाठी नावे कोरलेली भव्य स्मारके उभारण्यात आली. ईप्र येथील मेनिन गेट (१९२७) आणि तिएप्वाल येथील स्मारक (१९३२) ही त्यांतील सर्वांत मोठी होत. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक उघडण्यात आले.

समानतेची मर्यादा

मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेत भारतीय सैन्याची मोठी हानी झाली. कुत येथे वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा स्मारक उघडण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली मृतांचा केवळ आकडा दिला गेला. फ्रान्समध्ये पडलेल्या भारतीय शिपायाचे नाव दगडावर आले आणि बसऱ्याच्या बाजूला पडलेल्याचे आले नाही. पूर्व आफ्रिकेत तर असंख्य भारवाहक व शिपाई यांच्या वाट्याला नैरोबी, मोंबासा व दार-एस-सलाम येथील नावे नसलेले पुतळे आले. या निर्णयांत वसाहतींतील अधिकाऱ्यांचाही हात होता; तरी आयोगाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारे म्हणून वेअर यांना त्यांतून वगळता येत नाही.

उत्तरायुष्य

१९२० मध्ये वेअर यांना सर ही पदवी मिळाली. आयोगाच्या कार्यावरील द इमॉर्टल हेरिटेज हे त्यांचे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात कबर नोंदणीचे काम पुन्हा त्यांच्याकडे आले. हवाई हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचीही नावे नोंदवावीत, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून तयार झालेल्या यादीत सुमारे ६७,००० नावे असून तिचे खंड वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ठेवले आहेत. ग्लॉस्टरशरमधील ॲम्बर्ली येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या कबरीवर आयोगाच्या नमुन्याचीच साधी शिळा आहे.

मृत्यूनंतर

भारतात दिल्लीचे इंडिया गेट हे आयोगाच्या स्मारकांपैकी सर्वपरिचित आहे. त्यावर १३,००० हून अधिक नावे आहेत. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकी येथील युद्धकालीन दफनभूमी आयोगाच्या देखरेखीखाली आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या इतिहासाची चौकशी करणारा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांना असमान वागणूक मिळाली आणि किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असा त्यातील अंदाज आहे. आयोगाने व ब्रिटिश सरकारने याबद्दल माफी मागितली. त्यानंतर अभिलेखागारांतून वगळलेली नावे शोधण्याचे काम हाती घेण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये केप टाउन येथे उघडलेल्या स्मारकावर, पहिल्या महायुद्धात श्रमपथकांत काम करताना मरण पावलेल्या १,७०० हून अधिक कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी पुरुषांची नावे प्रथमच कोरली गेली.